ताडपत्रीखालची गाडी

प्रकाशा गावच्या रूपचंद पाटलांच्या घरी जावई सासऱ्याशी थेट बोलत नसे. "जेवलात का", "पाणी आलं का" एवढं चालायचं. त्यापुढचं काही मागायचं किंवा सांगायचं असेल तर ते बायकोच्या तोंडून जायचं आणि उत्तरही त्याच वाटेने परत यायचं. जावई लखनला यात वावगं वाटत नसे. त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानेही लखनच्या वडिलांशी हा रिवाज वर्षानुवर्षं निभावला होता. पण तो भला माणूस दिवाळीला यायचा आणि फराळ संपायच्या आत आपल्या गावी परतायचा. लखन मात्र आला तो राहूनच गेला.

खापर गावात हमरस्त्याच्या कडेला त्याचा पत्र्याचा गाळा होता. गाड्यांना टेप, स्पीकर, आतले रंगीत दिवे बसवून द्यायचा. हात चांगला होता, लांबून लोक यायचे. मग रस्ता रुंद झाला आणि गाळा त्यात गेला. रूपचंद दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर घेऊन हजर. "नवा गाळा भेटस तोपर्यंत चाला आपला घर," म्हणाले. ट्रॅक्टरमध्ये सामान चढलं, सामानावर लखन बसला, आणि पुढे चालकाशेजारी बसून त्याची बायको मोहिनी हसत हसत माहेरी निघाली. ती त्यांची एकुलती एक पोर.

तेव्हापासून लखनचे लाडच लाड चालले होते. केळीच्या बागेत जाऊन फावडं उचललं की गडी ते हातातून काढून घेत आणि त्याला बांधावर सावलीला बसवत. ताटात तुपाची धार सगळ्यात आधी त्याच्या. घरात तो पाहुणा नव्हता, की मुलगाही नव्हता. कुणावर चिडावं असं कुणी काही करतच नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. रात्री छताकडे बघत पडलं की त्याला वाटे, आपण असेच जेवत जेवत म्हातारे होणार. त्या विचाराने त्याचा जीव घुसमटे.

अशात खापरच्या मगनशेठनी नवा गाळा देऊ केला. सोमवारी ताबा घ्यायचा होता. लखनच्या गाठीशी आता एकच चीज उरली होती, जुन्या दुकानातला नमुन्याचा सेट. टेप, अ‍ॅम्प्लिफायर, चार स्पीकर, डिकीतला वूफर आणि दिव्यांच्या पट्ट्या. गिऱ्हाईक तो ऐकायचं आणि मगच खिशात हात घालायचं. सेट असला की दुकान उभं राहणार, याची त्याला खात्री होती.

त्याच दिवसांत रूपचंदांनी नवी गाडी घेतली. सासूबाई तापीबाई एकदा तिच्यात बसून आल्या आणि म्हणाल्या, "गाडी मुकी शे." रविवारी शहाद्याला पुतणीचा साखरपुडा होता. सगळे लखनकडे बघू लागले. त्याने मोहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, "तुन्हा आबासले सांग, रविवारपुरता मन्हा सेट बसाडी देस. पन सोमवारले तो काढीसन आपन खापरले जाऊत."

"सांगस," मोहिनी म्हणाली. संध्याकाळी त्याने विचारलं तेव्हा, "सांगं ना," असं, सांगून झाल्याच्या सुरात म्हणून ती भाकरी थापायला बसली. लखन निश्चिंत झाला.

शनिवारी सकाळीच त्याने अंगणात निंबाखाली गाडी घेतली. आधी बॅटरीची वायर सोडवली. प्लॅस्टिकच्या पट्टीने डॅशबोर्डच्या क्लिपा एकेक अलगद उचकटल्या. घाई केली की क्लिप मोडते आणि पुढे आयुष्यभर तिथून किरकिर ऐकू येते. करंटची वायर डाव्या बाजूने नेली, आवाजाची उजव्या बाजूने, कारण दोन्ही जवळून गेल्या की इंजिनाची घूंघूं गाण्यात शिरते. अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली पट्ट्याने आवळला. गाडीला एक भोक पाडलं नाही, गाडीची एक वायर कापली नाही. सगळं खटक्याच्या जोडांवर होतं, सोमवारी अर्ध्या तासात उतरवता येईल असं. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या बोटांना ग्रीस लागलं होतं. तो शीळ घालत होता. आपण शीळ घालतोय हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःचंच नवल वाटलं.

दुपारी रूपचंद बागेतून आले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि डॅशबोर्डखाली बघू लागले.

"जवाईबुवा, ह्या जोड निघी जातीन. आपला केळीना रस्तामा खड्डाच खड्डा. वायरी कापीसन एकदम पक्कं करी टाका. हाई आते कायम आठेच ऱ्हावानं शे."

लखन पाठीवर आडवा, डोकं स्टिअरिंगखाली, पाय दाराबाहेर. त्याच अवस्थेत त्याने मोहिनीकडे मान वळवली. मोहिनी घाईघाईने तुळशीला पाणी घालायला गेली. तुळशीला पाणी सकाळीच घालून झालं होतं.

"पहिले दिवा तर दखाडा," तापीबाई म्हणाल्या. पण उन्हात दिवे कसले दिसणार? रूपचंदांनी गड्यांकडून केळीच्या ट्रकवरची मोठी ताडपत्री आणवली. बघता बघता सगळी गाडी झाकली गेली आणि वारा होता म्हणून दोरीने आवळलीही गेली. बॅटरीची वायर पुन्हा जोडून लखन आत बसला होता. दोरी आवळण्याआधीच पलीकडच्या दाराने मोहिनी शिरली होती आणि तिने दार ओढून घेतलं होतं.

आत काळोख झाला. लखनने खटका दाबला. पायाशी, दारांच्या कडेला, सीटखाली निळा उजेड हळूच पसरला. फारच देखणं दिसत होतं. मोहिनीचा चेहरा त्या उजेडात लग्नातल्यासारखा दिसला आणि लखनला क्षणभर काही विचारूच नये असं वाटलं. पण विचारलं.

"आबासले तू सांगं व्हतं ना?"

"नही सांगं."

"मंग आते सांग. मगनशेठ सोमवारले वाट दखी."

मोहिनीने पदराने मानेचा घाम पुसला. "मगनशेठले मी परवा फोन करी दिधा. आम्हले येवानं नही, अशे सांगी दिधं. गाळा त्यासनी दुसराले दी दिधा."

लखनला वाटलं, ताडपत्री छत फोडून आपल्या छातीवर येऊन पडली.

"काब्रं?" का, एवढंच त्याने विचारलं.

"तठे तुम्ही दिनभर गाळामा. मी पत्रानी खोलीमा एकली. चार सबद बोलाले कोनी नही. आठे माय शे." ती थांबली. "तुम्हले आठे काय कमी शे?"

त्याने उत्तर शोधलं. खरंच शोधलं. कमी असं काहीच नव्हतं. आणि खापरच्या त्या खोलीत ती दिवसभर काय करत असेल, हे त्याने कधी विचारलं नव्हतं हेही खरं. रागावं तर कुणावर, हे त्याला कळेना. संताप मात्र येत होता, आणि उकडतही होतं. त्याने दार ढकललं. दोरीमुळे ते वीतभर उघडलं आणि अडलं.

"कसं शे?" बाहेरून रूपचंदांनी विचारलं.

"भारी शे, आबा!" मोहिनी आतून ओरडली.

गड्यांनी दोरी सोडली. ऊन डोळ्यांवर आपटलं. लखन घामाने चिंब, लालबुंद होऊन बाहेर आला. आता बायकोचं तोंड कामाचं नव्हतं. जे सांगायचं ते आपल्याच तोंडाने सांगायला हवं होतं. सेट माझा आहे. मी जाणार आहे. हा गाळा गेला तर दुसरा शोधीन, एकटा जाईन.

"मामा," तो म्हणाला.

गड्यांनीही माना वर केल्या. रूपचंदांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बोला ना, जवाईबुवा. इतला दिन तुम्ही मले कधी हाक मारी नही. मी त्यानीच वाट दखी ऱ्हायन्तू. बोला, पोरगासारखं बोला."

मागे तापीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मोहिनी गाडीच्या दाराशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आणि ती घाबरली होती.

लखनने त्या भरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"वायरी कापीसन सोल्डर कराले करंट लागी, मामा," तो म्हणाला. "घरमातीन लांब वायरना बोर्ड आनी द्या."

रूपचंद गड्यांना हाक मारायचंही विसरले. त्या वयात ते स्वतःच बोर्ड आणायला घराकडे पळाले.