कुलूप आहे, पुढे चला

मी कुलूप बोलतोय. हसू नका. तोंड मिटून बसणं हाच माझा धंदा, हे मलाही ठाऊक आहे. पण आता माझी किल्ली उरलेली नाही, तेव्हा कोणाला भ्यायचं?

जन्म अलीगढचा. अंग पितळी, पोटातले खटके भक्कम. डोंबिवलीच्या एका दुकानात दोरीला टांगलेला असताना मोठी स्वप्नं बघायचो. सोनाराचं दुकान, निदान एखादं गोदाम तरी. १९९१ साली सहदेव नावाच्या गृहस्थानं मला घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दाराच्या कडीला अडकवलं. आत ना सोनं होतं, ना रोकड. आत त्याची आई होती.

मनुबाई कळव्याच्या खाडीकाठची कोळीण. नवरा गेला तेव्हा सहदेवनं तिला आपल्याकडे आणलं. तिच्या गावात दिवसा दार लावायची पद्धतच नव्हती. कुलूप दिसलं की माणसं लग्नाला गेली असं समजून शेजारीण कोंबड्यांना दाणे टाकायची. इथं आल्यावर थोड्याच दिवसांत ती खाली उतरली आणि चुकली. सगळ्या इमारती एकसारख्या पिवळ्या, बिचारी कुठली ओळखणार? संध्याकाळी मासळी बाजारात सापडली, एका कोळणीशेजारी कोलंबी सोलत बसलेली. ती मजेत होती. सहदेवचा मात्र जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी मी आलो.

"तुझ्या भल्यासाठीच गं आये," तो म्हणाला. "आम्ही दोघं कामावर. आणि कोणी दार वाजवलं तर ओ देऊ नकोस. चोर असतात."

"मी कोंबरी हाव का रं, डालग्याखाली कोंडाला?"

सहदेवनं दार ओढून मला लावलं. सून सरोजही वाईट नव्हती. जेवण झाकून, रेडिओ हाताशी ठेवून निघायची. पण किल्ली फिरल्याचा आवाज माझ्याच पोटातला असून मला नकोसा झाला.

सुरुवातीला मनुबाई दार हलवून बघायची. मी ढिम्म. हललो तर कुलूप कसला! मग दाराशी बसून माझ्याशी बोलायची, "मेल्या, तुला तरी खंय जाला मिलतं?" खरंच होतं. ती आत अडकलेली, मी बाहेर. हळूहळू तेही बोलणं थांबलं. रेडिओही ती लावेना. आत माणूस आहे आणि आवाज नाही, याची मला फार धास्ती वाटायची.

त्याच सुमारास जवळच्या गणपतीच्या देवळामागं म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारचं विरंगुळा मंडळ निघालं. कॅरम, भजन, वाढदिवस, अधूनमधून डॉक्टर येऊन रक्तदाब बघणार. निवृत्त शिक्षिका विमलाबाई आणि त्यांच्याबरोबर शिवरामभाऊ घरोघर बोलावणं करत आमच्या जिन्यात आले.

"कुलूप आहे," भाऊ मला बघून म्हणाले, "पुढे चला."

आत मनुबाई दाराला कान लावून बसली होती. तिचा श्वास मला कळत होता. पण मुलानं सांगितलंय, ओ द्यायची नाही. कुलपाला एकच वाक्य येतं: घरात कोणी नाही. तेच मी लटकून लटकून जगाला सांगत होतो, आणि ते धडधडीत खोटं होतं. संतापानं तुटून पडावंसं वाटलं. पण अलीगढचा माल, तुटतोय कसला! मंडळी पुन्हा आली, तरी तेच. कुलूप आहे, पुढे चला.

एका दुपारी विमलाबाई एकट्याच वरच्या मजल्यावर निघाल्या होत्या. माझ्यासमोर थबकल्या. नाक वर करून वास घेतला. माहेर अलिबागचं, नाक कसलेलं.

"अगंबाई! बंद घरात सुकट कोण भाजतंय?"

शेजारी कुरकुरतात म्हणून सरोज सुकी मासळी करू देत नसे, मनुबाई दुपारी चोरून भाजायची. विमलाबाईंनी दार वाजवलं. आत चिडीचूप. पुन्हा वाजवलं. पण मुक्या पोरांना बोलतं करण्यात बाईंचा जन्म गेलेला. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सुकट करपतेय हो!"

"कोन बोलतं करपते?" आतून तोफ सुटली. "माज्या हातशी सुकट कंदी करपली नाय!"

मुलाची ताकीद गेली चुलीत. दोघी दाराआडून कितीतरी वेळ बोलत बसल्या.

तिला येता येत नाही ना, मग मंडळच आमच्या जिन्यात येऊ लागलं. भाऊ सतरंजी अंथरायचे. मनुबाई गावची धवलारीण निघाली. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवल्याची गाणी गाऊन लग्न लावणारी बाई. बंद दाराआडून ती गायची आणि बाहेर म्हातारी मंडळी टाळ्यांचा ठेका धरायची.

एका शनिवारी सहदेव लवकर घरी आला. देवळाचं दार बंद असताना माणसं बसतात, तशी ही मंडळी त्याच्या दाराकडे तोंड करून बसलेली. आत आई गात होती. आता चार शब्द ऐकावे लागणार म्हणून तो कानकोंडा झाला. भाऊ नुसते सरकले. "बसा. गाणं संपू द्या."

तो पायरीवर बसला. "बाबा गेल्यापासून ती गायली नव्हती," एवढंच म्हणाला. मग उठला. खिशातून किल्ली काढून माझ्यात फिरवली.

दार उघडलं. मुलाला बघून मनुबाईचा चेहरा उतरला.

"मी ओ दिली रं," ती म्हणाली. "चुकलं माजं."

"नाय गो आये," सहदेवच्या तोंडून गावची बोली बाहेर पडली. "माजं चुकलं."

त्या दिवसापासून किल्ली मनुबाईच्या गळ्यात आली. इमारत ओळखू यावी म्हणून विमलाबाईंनी फाटकावर रंगानं पापलेट काढलं. रोज दुपारी मनुबाई स्वतः मला लावून मंडळात जायची, आणि मी छाती काढून सांगायचो, घरात कोणी नाही! माझ्या आयुष्यातलं एवढंच खरं बोलणं.

मनुबाई १९९७ मध्ये गेली, किल्ली गळ्यात घेऊन. दुसरी कधीच हरवली होती. आता मी माळ्यावरच्या डब्यात मिटून पडलोय, उघडायचा नाही. दाराला नवीन लॅच बसलंय. ते बाहेरून दिसतच नाही. आत माणूस आहे की नाही, खरंही सांगत नाही आणि खोटंही.

म्हणून एवढं ऐका. दुपारी जिन्यातून जाताना दार बंद दिसलं, तर लगेच पुढे जाऊ नका. जरा वाजवून बघा. ओ आली नाही, तर मोठ्यानं म्हणा, "आजी, सुकट करपतेय हो!"