शवपेटीची सहावी कडी

"समोरून, दोन्ही दंड!"

शरीरसौष्ठव स्पर्धेत परीक्षक असं पुकारतो, आणि विन्फील्ड ग्रीव्ह्ज दंड फुगवून हसतो. सात वेळा बेटाचा विजेता. घरी ते हसू फक्त आरशाच्या वाट्याला यायचं. बायकोच्या, मार्व्हेलच्या वाट्याला एकोणीस वर्षं बिनमिठाचा मासा उकडणं. शेजारी कुणी मक्याच्या पिठाचं कूकू ढवळायला घेतलं की ती खिडकी लावून घ्यायची. विजेत्याचं मन चळू नये!

आता तिचे वडील गेले होते. क्लेमंट, जन्मभर उसाचा ट्रक हाकलेला काटकुळा म्हातारा. जाताना म्हणाला, "माझी पेटी जावयानं उचलायची. एवढी वर्षं ते दंड नुसते बघितलेत. एकदा कामाला येऊ देत."

विन्फील्डने शब्द दिला.

"पाठ दाखवा!"

शनिवारी दोनला अंत्यविधी. सहाला स्पर्धा.

विन्फील्ड चर्चच्या दारात आला तो हात अंगापासून लांब धरून, वाळत घातल्यासारखा. सैल कोट, आत सदरा नाही, अंगावर तपकिरी रंगाचे तीन थर. मुळात काळाभोर माणूस. पण मंचावरच्या दिव्यांना तेवढ्याने भागत नाही म्हणे.

"पॉलिश ओलं आहे का रे अजून?" मार्व्हेलच्या इयान्थी आत्याने विचारलं. "टेकू नकोस कुठे. देवाच्या भिंती आहेत."

"मार्व्हेल, समजून घे ना," तो कळवळला. "स्पर्धेसाठी दोन दिवस पाण्याचा थेंब नाही पोटात. उचलायला गेलो तर पेटके येतील."

"पपांना शब्द दिला होतास."

"तेव्हा स्पर्धेची तारीख कुठे लागली होती?"

पाच जण कड्या धरून उभे होते. त्यातला एक सत्तरीचा, दुसरा हर्नियाचा. सहावी कडी लोंबत होती. मार्व्हेल त्या कडीकडे बघत राहिली. आयुष्यात एकदाच, विन्फील्ड. वीस पावलं.

तेवढ्यात वर्तमानपत्राचा फोटोवाला आला.

विन्फील्डने कोट उतरवला.

"पोट आणि मांड्या!"

कडी धरली तीही कॅमेऱ्याकडे तोंड करून. पोट आत, मांडी ताठ, श्वास रोखलेला. तीन पावलं. चौथ्याला पोटरीत पेटका आला आणि बेटाचा विजेता पायरीवर फतकल मारून किंचाळला. पेटी कलली. बायका ओरडल्या. मार्व्हेलने धावत जाऊन कडी पकडली.

पपा किती हलके होते!

"चला," ती म्हणाली.

"मार्व्हेल!" मागून हाक आली. "जरा बघ ना, पाठीचा रंग गेला का?"

तिने मान वळवली नाही. कडीवरचा ओला तपकिरी रंग तिच्या पांढऱ्या हातमोज्याला लागला होता. पेटी खड्ड्यात उतरल्यावर रिवाजाप्रमाणे उचलणाऱ्या पाचांनी आपले हातमोजे पेटीवर टाकले. तिने तो डागाळलेला आधी टाकला.

"सैल उभे राहा!"

रात्री इयान्थी आत्या बातमी घेऊन आली. मार्व्हेल खिडक्या सताड उघड्या टाकून कूकू ढवळत होती.

"आठव्यांदा जिंकला गं तुझा नवरा. चषक एवढा मोठा, की दोघांनी उचलून आणून दिला."

"हो का?" मार्व्हेलने मूठभर मीठ टाकलं. "मग त्याच दोघांना सांगा, त्यालाही उचलून घेऊन जा."