खोबरेलावर जळणारी बुधली

मी एक जुनी पितळी बुधली आहे, मित्रांनो. उमरेडच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. चंद्रभानच्या आईने मला घरी आणलं आणि माझ्यात मोहरीचं तेल भरलं. त्याच्या मालिशीवर चंद्रभान वाढला. नोकरीसाठी नागपूरला आला, तेव्हा मलाही घेऊन आला. त्याची मुलगी रितिका जन्मली, तेव्हा तिच्या अंगालाही पहिलं तेल माझंच लागलं. केवढा मान होता माझा!

पुढे रितिकाच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्यांत कोरडे, लाल चट्टे उठले. खाजवून खाजवून रक्त येई. तिची आई हर्षा तिला सदर भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परतली ती खोबरेल तेलाची बाटली घेऊनच.

"मोहरीचं तेल बंद म्हणे. आंघोळीनंतर आंग ओलसर असतानाच हे लावाचं, अन् चट्ट्याईले मलम," ती म्हणाली आणि बाटली माझ्या जागी ठेवली. मला वर फळीवर सरकवलं.

प्लास्टिकची बाटली ती! ना घाट, ना वजन. रोज तिचं झाकण उघडलं की माझा जीव जळे. डिसेंबरच्या थंडीत ती गोठली, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण हर्षाने तिला कोमट पाण्यात उभं केलं आणि मेली पुन्हा पातळ झाली!

एकदा हर्षा माहेरी गेली होती. चंद्रभानने मला खाली काढलं. "माह्या आंगाले तं कधी काही झालं नाही," तो पुटपुटला. मी तर हरखूनच गेले.

तेल लागताच रितिका किंचाळली, "बाबा, आग होऊन राहिली!"

चट्टे लालबुंद झाले. चंद्रभान घाबरला. त्याने तिचे हात हलकेच धुतले, टिपले आणि ती बाटली उचलली. "चुकलो गा मी," तो स्वतःशीच म्हणाला. त्याचे तळवे पोरीच्या हातांवरून हळूहळू फिरत राहिले आणि ती शांत झोपली. माझ्याच तेलावर पोसलेले ते तळवे माझे होते, मित्रांनो! बाटलीला ते मिळाले, याचाच मला तिच्या तेलापेक्षा जास्त हेवा वाटला.

रितिकाचे चट्टे आता बरेच निवळले आहेत. बिनबाह्यांचा फ्रॉक घालून ती खेळायला जाते. मला बरं वाटतं, पण त्या बाटलीचं कौतुक काही ऐकवत नाही.

मित्रांनो, तुमची त्वचा कोरडी पडत असेल, खाजत असेल, तर घरातलं कुठलंही तेल चोपडू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि माझ्यासारखी बुधली घरात असेल, तर तिला कधीतरी चिंचेने घासा. सवतीसमोर मळकट तोंडाने बसणं फार जड जातं हो!