भट्टीतली जागा

सकाळी धाकटीचा, कुंभारगल्लीतल्या सगळ्यांत लहान सुनेचा, फोन आला तेव्हा मी छकुलीला पाजत होते.

"ताई, आज भट्टी लागतेय. माझी मडकी बाहेरच ठेवलीत," एवढंच बोलली आणि फोन ठेवला.

छकुली अर्धपोटी उठली. तिला पाठीशी बांधलं, सरांना गाठलं आणि दोघं कुंभारगल्लीकडे निघालो.

शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी डोकं लढवून काय काय घडवलंय, ते हुडकायचं आणि त्यांच्या नावानिशी छापायचं, हे सरांचं आयुष्यभराचं काम. मी त्यांच्या हाताखाली. माहिती भरायचा छापील नमुना मी तयार केला होता. 'शोध कोणाचा?' यापुढे मी एकच ओळ आखली होती. कागद कमी लागावा म्हणून. गढूळ पाणी गाळणारं मडकं आम्हाला धाकटीच्या दारात दिसलं, त्या ओळीत तिचं नाव गेलं. मग वर्तमानपत्रात तिचा फोटो आला आणि गल्लीने तिच्याशी बोलणं टाकलं.

गल्लीत भट्टी एकच, सगळ्यांची मिळून. दोन महिन्यांतून एकदा लागते. हवा दमट होती, पुढच्या भट्टीपर्यंत कच्ची राहिलेली मडकी बुडापासून चिरतात. धाकटीची चाळीस मडकी भिंतीकडेला कागदाखाली होती आणि ती त्यांच्यापुढे नुसती उभी होती. बाकीच्या बायका एकेक मडकं हातोहात पुढे देत होत्या. तिच्या चुलत सासूबाई, सगळ्या गल्लीच्या काकू, आत वाकून रचत होत्या.

"या वहीवाले!" काकू मान वर न करता म्हणाल्या. "आज कोणाचं नाव लावायचंय? भट्टीचं?"

बायका खुदखुदल्या. सर तिथेच विटांवर बसले.

"चुकलं आमचं, काकू. कोणाचं काय ते सांगा, सगळं लिहितो."

"मातीत भुसा घालायचा, तो जळला की पाणी गाळणारी बारीक भोकं पडतात, हे माझ्या सासूने शिकवलं. तिला तिच्या सासूने. कुठवर लिहाल?"

"जाईल तिथवर."

"मग लिहा, भुसा दोनदा चाळायचा हे माझ्या आईचं," एकजण म्हणाली.

"तुझ्या आईचं? ती या गल्लीत आली तेव्हा आम्ही तीनदा चाळत होतो!"

हशा झाला. सरांचं पेन धावत होतं, चेहरा खुलला होता. माझं लक्ष मात्र भट्टीकडे. रिकामी जागा बघता बघता कमी होत होती. छकुली पाठीवर कुरकुरू लागली.

"आणि धाकटीचं काय लिहू?" सरांनी विचारलं.

बायका पुन्हा मडकी पुढे देऊ लागल्या.

"कंगोरा," मीच बोलले. "बाहेरून काढलेला कंगोरा तिचा. त्यावर मडकं खालच्या भांड्याच्या काठावर टेकतं, नसला तर आत कलंडतं."

"कंगोरा तिचाच. नाही कोण म्हणतंय?" काकू आता वळल्या. "पण फोटोखाली काय लिहिलं होतं? अख्खं मडकं तिचं! आम्ही काय इतकी वर्षं माती चिवडत होतो?"

धाकटी पुढे आली. "सर, माझं नाव काढून टाका."

"अगं, पण कंगोरा तुझा—"

"माझा आहे ते मला ठाऊक आहे. भट्टी झाकतायत, सर."

सरांनी वहीतला तो छापील कागद काढला. पेन टेकवलं आणि थांबले. "तीस वर्षं नावं लिहीत आलोय गं मी," ते पुटपुटले. हात हलेना.

ती ओळ मी आखली होती. मीच पेन घेतलं आणि खोडली.

"खोडलं?" काकूंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"खोडलं, काकू."

काकूंनी माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग बाजूला सरकल्या. "तिला सांगा, तोंडाशी जागा आहे, तिथे लाव म्हणावं. आच थेट लागते तिथे. तडकली तर मला बोल लावायचा नाही."

छकुलीला सरांच्या मांडीवर टाकलं आणि मीही मडकी द्यायला लागले. माझ्या हातून एक पडलं तर, हेच डोक्यात. सव्वीस मावली, चौदा उरली. काकूंनी चिखलाने भट्टीचं तोंड लिंपून घेतलं. धूर निघाला तशा बायका आपापल्या दारात गेल्या. धाकटीशी अजून कोणी बोललं नव्हतं.

"उघडणार कधी?" सरांनी विचारलं.

"परवा." धाकटीने हाताचा चिखल पदराला पुसला आणि माझ्याकडे वळली. "ताई, परवा याल? एकटीने नको बघायला."

"येते," मी म्हटलं.