खोटी पेशंट

आमच्या कुटुंबनियोजन केंद्राचा निधी आटला, तेव्हा सर्वप्रथम तपासणीची गाडी बंद झाली. पूर्वी वरिष्ठ मॅडम त्या गाडीतून येत, आणि दुरून धुरळा दिसताच केंद्रातील पडदे सरळ होत. आता कार्यालयाने निराळीच युक्ती योजली. कोणी एक अनोळखी स्त्री पेशंट बनून येईल, नर्स तिच्याशी कशी वागते ते पाहील व गुपचूप वर कळवील. त्यावरूनच नर्सचा करार पुढे चालू राहील अथवा संपुष्टात येईल.

सदर केंद्राचा पहारेकरी मी, आणि तेथील नर्स ही माझी धर्मपत्नी. केवळ माझ्या पगारावर संसार चालविणे म्हणजे दात कोरून पोट भरणे होते. सबब, त्या दिवसापासून संशयाने आमच्या मनात ठाण मांडले. फाटकातून प्रविष्ट होणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या चपलांपासून मी निरीक्षणास आरंभ करीत असे.

"जिची शंका येईल तिच्यामागे जोरात खोकायचं," पत्नीने मला बजावले.

"आणि मला खराच खोकला झाला तर?"

"तर गिळायचा. तुमच्या घशापायी माझी नोकरी जायची!"

एके सकाळी एक तरुण स्त्री एकटीच आली. सोबत सासू नाही, नवरा नाही, आणि पायरीवरच तिने मला विचारले, "आत बोललेलं बाहेर ऐकू येतं का हो, दादा?"

इतका मुद्द्याचा प्रश्न खरी पेशंट कशाला विचारील? मी असा खोकलो, की झाडावरील पाखरे उडाली.

एरवी माझी पत्नी पडद्याआडूनच ओरडे, "घरी विचारलंस का? सासूला घेऊन ये, मग बघू." त्या दिवशी मात्र तिने खुर्ची पुसली, "बसा हं, ताई," म्हटले आणि दाराला आतून कडी घातली. गंजलेली ती कडी लागताना किंचाळली. बऱ्याच वेळाने ती स्त्री डोळे पुसत, तथापि हलक्या पावलांनी निघून गेली.

"काय म्हणाली?" मी विचारले.

"तुम्हाला का सांगू? तुमच्या तोंडून निसटलं, की झालं माझं कल्याण."

दुसऱ्या दिवशी सासू येऊन थडकली.

"माझी सून आली होती ना इथं? पोर होऊ नये म्हणून सुई टोचून घेतली ना? बोल की, वॉचमन!"

खोट्या पेशंटची ही खोटी सासू, हे मी तत्काळ ताडले. "मावशी, कोण येतं-जातं ते मी बघतच नाही."

"मग तुला काय बुजगावणं म्हणून उभा केलाय?"

"तसंच समजा."

पत्नीनेही तिला पाणी दिले, गोड हसली आणि काहीएक न सांगता परत धाडले. म्हातारीच्या अभिनयाचे मी मनोमन कौतुक केले.

म्हातारीने थेट कार्यालय गाठले. परिणामी मॅडम बसने, घामाघूम होऊन, तिला सोबत घेऊनच आल्या.

"सिस्टर, यांची सून कशासाठी आली होती?"

परीक्षेचा अखेरचा पेपर हाच, असे मला वाटले. पत्नीने टेबलावरील रजिस्टर मिटले.

"पेशंटचं पेशंटपाशी, मॅडम. आली होती की नाही, तेही मी यांच्यासमोर सांगणार नाही."

"सगळे एकाच माळेचे मणी!" म्हणत म्हातारी तरातरा निघून गेली.

मॅडमनी रुमालाने मान पुसली. "हेच बघायचं होतं मला. तुमचा करार चालू राहील."

"म्हणजे ती सून तुम्हीच पाठवली होती ना?" पत्नीने विचारले.

"कोण? अहो, अजून कुणालाच पाठवलं नाही. पेशंट बनून यायच्या बाईच्या बसभाड्याची मंजुरीच आली नाही."

सायंकाळी भांडी घासताना पत्नी म्हणाली, "असंच सांगायचं ठरलेलं असतं त्यांचं. आपण ढिले पडलो, की मग पाठवतील."

"आणि ती सून खरी असली तर?"

हातातील पातेले तसेच धरून ती थांबली.

"तर आत्ता घरी तिचं काय चाललं असेल, अहो?"