पिल्लं नसलेलं तळं आणि मी

आमच्या बाईंनी एकदा व्रत घेतलं होतं. नवऱ्याचं, म्हणजे आमच्या सरांचं, पुस्तक छापून हातात येईपर्यंत दर सोमवारी मौन पाळायचं. शब्द नाही, चिठ्ठी नाही, हाताची खूणसुद्धा नाही. कारण खुणा करणं म्हणजे देवाच्या डोळ्यांदेखत लबाडी, असं त्यांचं म्हणणं. चार वर्षांचे सोमवार त्यांनी असे निभावले आणि पुस्तक छापायला जायच्याच सोमवारी व्रत मोडलं. ते माझ्यामुळे मोडलं, म्हणून ही हकीकत मीच सांगायला हवी.

मी त्यांच्या घरातली चाळण. पिठाची नव्हे, धान्याची. हा फरक तेवढा लक्षात असू द्या. माझ्या लक्षात राहिला नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.

पत्रेवाल्याच्या दुकानात माझा जन्म झाला. पत्र्याचं गोल कडं आणि त्यात ताणून बसवलेली तारेची जाळी, एवढाच माझा संसार. भोकं केवढी म्हणाल, तर मोहरीचा दाणा न अडखळता खाली जाईल एवढी. माझ्याच बरोबर पिठाची चाळणही या घरात आली. ती रोज लागायची, तिला धुऊन-पुसून ओट्यावर जागा. मी कधीमधी धान्यातली माती काढायला. एरवी दाराआडच्या खिळ्याला लटकलेली. मनात मात्र भारी रुबाब. दिसायला आम्ही दोघी गोलच ना, मग तिचं एवढं कौतुक कशाला, असं मला वाटायचं.

सर दगडात अडकलेल्या माशांचा अभ्यास करायचे. माशांचा आणि पृथ्वीवर अगदी पहिल्यांदा सरपटायला लागलेल्या प्राण्यांचा. गावाबाहेरच्या टेकडीखाली कोट्यवधी वर्षांपूर्वी एक तळं होतं म्हणे. त्या तळ्याचा गाळ आता मातीचे थर होऊन बसलाय. त्या थरांतली माती पोत्यांनी आमच्या मागच्या दाराशी येऊन पडायची. ती भिजवून चाळली की दात, खवले, हाडांचे तुकडे वर राहतात. त्यासाठी चाळण हवी म्हणून सरांनी कार्यालयाकडे अर्ज केला. सहा महिन्यांनी उत्तर आलं, की चाळण ही स्वयंपाकघरातली वस्तू असल्यामुळे शास्त्रीय उपकरणांत बसत नाही.

सर ते पत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अगं, एखादी चाळण देतेस का? जुनी चालेल."

बाईंचे हात पिठात होते आणि पिठाची चाळण हातात. त्यांनी मानेनेच माझ्याकडे दाखवलं. "ती घ्या."

सरांनी मला उजेडाला धरलं. "बारीक आहे ना?"

"चाळणच आहे हो," बाई म्हणाल्या.

त्या क्षणी मला वाचा असती, तरी मी तोंड उघडलं नसतं. स्वयंपाकघरातून शास्त्रात चालले होते मी. पिठाच्या चाळणीकडे मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

अकरा वर्षं मी शास्त्राची सेवा केली. सर टबावर मला धरायचे, वरून चिखल ओतायचे, पाणी सोडायचे, हलवायचे. जे वर राही ते रद्दीच्या कागदावर वाळायचं. मग सर डोळ्याला भिंग लावून, बारीक कुंचल्याने एकेक दात वेगळा करायचे. नखाएवढे खवले, बोटाच्या पेराएवढे मणके, एकदा तर सरपटणाऱ्या प्राण्याचं मांडीचं अख्खं हाड. त्या दिवशी मी इतकी फुगले होते, की कडं तुटतं की काय! जे खाली गेलं, त्याचं नावही कुणी काढलं नाही. तो गाळ बाई घमेल्याने उचलून कुंड्यांत घालायच्या. माती फुकट कशाला घालवायची?

सरांच्या आईंना हे सगळं अजिबात पटत नसे. "माझा मुलगा जगातला चिखल चाळून काढतो," त्या म्हणायच्या, "आणि भाजीत मीठ नाही हे दुसऱ्या दिवशी सांगतो."

हळूहळू सरांच्या लक्षात आलं, की या तळ्यात सगळेच प्राणी मोठे आहेत. लहान एकही नाही. माशांची पिल्लं नाहीत, काठावर हिंडणारे बोटभर सरपटणारे जीव नाहीत. त्यांनी दोन वर्षं विचार केला आणि निष्कर्ष काढला. तळ्याचं पाणी इतकं कडवट होतं, की त्यात अंडी जगत नव्हती. मोठे मासे दुसरीकडून येत आणि इथे मरत. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाला त्यांनी नाव दिलं, 'पिल्लं नसलेलं तळं'. जेवताना ते प्रकरण त्यांनी घरच्यांना वाचून दाखवलं.

बाईंचा घास हातातच राहिला. "एकही पिल्लू नाही? एवढ्या मोठ्या तळ्यात?"

"एकही नाही. इतकी वर्षं चाळतोय."

"आया होत्या ना पण."

"अगं, हे शास्त्र आहे. तुला काय कळतंय त्यातलं?"

बाईंनी घास परत ताटात ठेवला. त्यांना त्या तळ्याचं फार वाईट वाटलं, हे मला ठाऊक आहे, कारण दुसऱ्या दिवशी मला धुताना त्या कितीतरी वेळ नळाखाली तशाच धरून उभ्या होत्या. पुढच्याच सोमवारी त्यांनी व्रत धरलं. नोकरी संपत आली होती, डोळे अधू होत होते, आणि सरांचं हे एकच पुस्तक होतं. ते निर्विघ्न छापून यावं, एवढंच मागणं.

त्या प्रकरणात माझाही उल्लेख होता. 'सर्व नमुने बारीक जाळीच्या चाळणीतून चाळण्यात आले.' बारीक! आयुष्यात मला कुणी बारीक म्हटलं ते तेव्हाच. खोटं कशाला सांगू, मला लाज वाटायला हवी होती, पण मला गुदगुल्या झाल्या.

आणि मग तो सोमवार. छापखान्याचा माणूस शेवटचे तपासलेले कागद न्यायला येऊन बसला होता. सर एकेका पानावर सही करत होते. बाई मागच्या दाराशी कुंड्यांना पाणी घालत होत्या. पाण्याच्या धारेने एका कुंडीतली माती वाहून गेली आणि काठाशी काळे चकचकीत ठिपके उरले. बाईंना वाटलं, मोहरी सांडली. त्यांनी चिमटीत उचलून पाहिली. मोहरी गोल असते. हे टोकदार होतं.

त्यांनी सरांचं भिंग आणलं. काट्यासारखे बाकदार, इवले इवले दात. एक, चार, नऊ. आणि नखाच्या कडेवर मावेल एवढा एक जबडा, त्यावर ओळीने दात बसवलेले, जसा मोठ्या प्राण्याचा असतो तसाच, फक्त बाळाएवढा.

बाईंनी आधी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या भोकांमधून त्यांना पलीकडचं झाड पानापानासकट दिसलं असेल. माझं पितळ उघडं पडलं ते असं.

तळहातावर ते दाणे घेऊन त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि सरांसमोर उभ्या राहिल्या. बोलायचं नाही. खूणही करायची नाही. नुसता हात पुढे आणि डोळ्यांत पाणी.

"हात माखलाय तुझा, कागदांना लागेल," सर म्हणाले.

"प्रसाद देतेय वाटतं," सरांच्या आई म्हणाल्या. "घे बाबा, सोमवार आहे, ती काही सांगायची नाही."

छापखान्याच्या माणसाने आपला हात पुढे केला. बाईंनी झटकन मूठ मिटली.

सरांनी शेवटच्या पानावर सही केली, कागद जुळवले, वरून दोरी बांधली. छापखान्याचा माणूस उठला. गठ्ठा त्याच्या काखेत गेला, चपला पायात गेल्या. बाईंचे ओठ हलत होते. देवाची क्षमा मागत होत्या बहुधा. आणि मग त्या बोलल्या.

"अहो, पिल्लं होती."

सर हसले आधी. मग त्यांनी बाईंची मूठ उघडून पाहिली आणि हसू थांबलं. भिंग डोळ्याला लावलं ते कितीतरी वेळ काढलंच नाही. मग ते उठले, स्वयंपाकघरातून मूठभर मोहरी आणली आणि माझ्यावर ओतली. मी जीव एकवटून धरायचा प्रयत्न केला. एक दाणासुद्धा राहिला नाही. सगळी मोहरी खालच्या कागदावर, सडसडसड.

"अरे, ती धान्याची चाळण आहे," सरांच्या आई म्हणाल्या. "तिच्यात बारीक काय राहणार?"

"आई! तुला माहीत होतं?"

"घरात सगळ्यांना माहीत आहे."

"अकरा वर्षं सांगितलं का नाही मग?"

"तू विचारलंस कधी? मला वाटलं, तुला मोठेच मासे हवेत."

छापखान्याचा माणूस दारात घोटाळला. "मग साहेब, हे नेऊ का ठेवू?"

सरांनी गठ्ठा परत घेतला. "मालकांना सांगा, पुस्तक चुकलंय. पुन्हा लिहितो."

तो गेल्यावर बाई रडायला लागल्या. "चाळण मीच दिली. व्रतही मीच मोडलं. म्हणून पुस्तक अडलं तुमचं."

"तू गप्प राहिली असतीस, तर व्रत पुरं झालं असतं," सर म्हणाले, "आणि माझं खोटं छापून आलं असतं." मग गठ्ठ्याची दोरी सोडत, "तुला काय कळतंय, असं म्हणालो होतो ना मी? कळत मला नव्हतं."

आता त्या गोष्टीला वर्ष होत आलंय. अगदी बारीक जाळीची नवी चाळण सरांनी स्वतःच्या पैशाने आणली. चौदा कुंड्या रिकाम्या झाल्या. झाडं बिचारी डब्यांत राहतात. दुपारी तिघंही टेबलाभोवती बसून दात वेचतात. सरांच्या आई चष्म्यावर भिंग लावतात आणि सुनेला ऐकू जाईल असं मोजतात. "माझे सतरा झाले. तुझे गं सूनबाई?" शेवटचं प्रकरण सर नव्याने लिहितायत. पहिल्याच पानावर आपली चूक सांगून टाकलीय. माझा उल्लेख आहे, पण 'बारीक' हा शब्द गेलाय. बरं झालं. उगाच पोट आत ओढून बसावं लागत होतं.

मी परत दाराआडच्या खिळ्यावर आहे. धान्य आलं की खाली उतरते. गर्व पुष्कळ गळाला. तसाही माझ्यात तो टिकणार कसा?

बाईंनी देवापुढे हात जोडून नवं व्रत घेतलंय. दर सोमवारी, मनात दबून राहिलेली एक बारीकशी गोष्ट बोलून टाकायची. पहिल्या सोमवारी त्यांनी सासूबाईंना सांगितलं, की चहात तुम्ही साखर फार घालता. सासूबाई दोन दिवस रुसल्या, तिसऱ्या दिवशी साखर कमी झाली.

तुम्हीही हे व्रत घेऊन पाहा ना. उपास नाही, खर्च नाही. मोठं काही बोलायला नको, मोहरीएवढं पुरे. समोरचा आधी म्हणेल, तुला काय कळतंय. म्हणू द्यात. तुम्ही आपला हात पुढे करून तिथेच उभे राहा.