समाधानच्या वाट्याचे रोट

माझ्या नवऱ्याला अडतिसाव्या वर्षी जिल्ह्याच्या संघातून रग्बी खेळायची होती. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघायचा आणि मग त्याच्या पोटाकडे. पोट तसं फार नाही, पण अजिबात नाही असंही म्हणवत नाही.

समाधान त्याचं नाव. सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणते, एरवी सरळ नावानं. धरणगावला आमची कपाशीची शेती आहे आणि हंगामात तो जिनिंगवरही कामाला जातो. कॉलेजात असताना कुण्या सरांनी त्याच्या हातात तो लांबट चेंडू दिला, तो त्यानं आजतागायत सोडलेला नाही. लग्न ठरताना मुलगा खेळाडू आहे असं आम्हाला धुळ्याला, माझ्या माहेरी, कळलं होतं. मला वाटलं, क्रिकेट असेल. वडिलांनी तर पाहुण्यांत सांगूनही टाकलं होतं.

पुढं कळलं की हा वेगळाच कारभार आहे. चेंडू हातात धरून पुढं धावायचं, पण द्यायचा मात्र मागच्याला. समोरचे लोक अंगावर पडून तुम्हाला पाडणार. त्यातून वाचून रेषेपलीकडं चेंडू जमिनीला टेकवला की गुण. हे करायला हा नागपूर, पुणे, कोल्हापूरपर्यंत जाऊन आला. आम्ही घरच्यांनी त्याला खेळताना कधीच पाहिलं नाही. आमच्या वाट्याला यायचे ते चिखलाचे कपडे, सुजलेला कान आणि हळद लावून शेकायचा गुडघा. खेळ बाहेरच राहायचा, घरी नुसता मार यायचा. सासूबाई, म्हणजे पुष्पाबाई, तर इतकी वर्षं समजायच्या की पोरगा परगावी जाऊन मारामाऱ्या करतो आणि लाजेपोटी त्याला खेळ म्हणतो.

मीही काही कमी नव्हते. "आता बूट माळ्यावर टाक आणि गुडघ्यांना पेन्शन दे," असं मी त्याला दर दिवाळीला ऐकवायचे. तो हसून सोडून द्यायचा.

या वर्षी मात्र तो हसला नाही. जूनमध्ये एका संध्याकाळी शेतातून आला, हातपायही न धुता माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "मेघा, जानेवारीत स्पर्धा धुळ्याला आहे. आपल्या धुळ्याला! एवढी वर्षं लांब लांब जाऊन खेळलो, माझं माणूस कधी कडेला उभं नव्हतं. एकदा तू आणि आईनं मला खेळताना बघावं, एवढंच आहे मनात. मग बूट तूच माळ्यावर टाक."

मी काहीतरी टोमणा मारणार होते. पण मला त्याचा एकदम कळवळा आला आणि कळवळा आला याचा रागही आला.

जिल्ह्याचा संघ निवडायच्या त्या कामिनी मॅडम. शिंदखेड्याच्या, एकेकाळी राज्याकडून खेळलेल्या, बोलायला फटकळ. बारापैकी अकरा जण त्यांनी जुलैतच पक्के केले. उरलेल्या एका जागेसाठी दोघं होते, एक समाधान आणि दुसरा तेजस. हा तेजस म्हणजे समाधानच्या चुलतभावाचा, जितेंद्रभाऊंचा मुलगा. वय बावीस. आमची घरं भिंतीला भिंत लागून. रग्बी त्याला शिकवली समाधाननंच, आमच्याच खळ्यात, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांची वाट लावून. आता तो सुटला की कुणाच्या हाती लागत नव्हता.

"पोरगं तयार केलंस, आता भोग," मी म्हटलं.

"चांगलं तयार केलं ना पण?" समाधान म्हणाला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मॅडमनी चाचणी ठेवली मंगळवारी. आता तो मंगळवार कोणता, तर कानबाईच्या रविवारानंतरचा. त्यांना म्हणे मैदान तेव्हाच मोकळं मिळत होतं. मिळणारच, अख्खा खान्देश त्या दिवशी पोटावर हात ठेवून आडवा असतो.

ज्यांच्याकडं कानबाई नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात आमच्याकडं कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू मोजून घ्यायचे, दळायचे आणि त्याचे पुरणाचे रोट करायचे. एकेक रोट असा की दोन खाल्ले तर माणसाला भिंत धरून उठावं लागतं. सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. खरी मेख पुढंच आहे. हे रोट बाहेरच्या कुणाला द्यायचे नाहीत आणि टाकायचे तर मुळीच नाहीत. भाऊबंदांनीच ते संपवायचे, मग दोन दिवस लागोत की चार.

रविवारी पंगत बसली आणि समाधाननं प्रसादाचा एक घास खाऊन ताट बाजूला केलं. "बस. मंगळवारी पळायचंय."

सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला. "कानबाईना रोट टाळस? असं कोनी ऐकेल शे का? तुना नावना गहू शेतस ते!"

"आई, प्रसाद घेतला ना."

"घास म्हंजे रोट नही. तुना वाटाना रोट काय मी भिताडले खावाडू?"

समाधान हात धुवायला उठला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला ताटावरून उपाशी उठताना पाहत होते. तेवढ्यात पलीकडून तेजस म्हणाला, "आजी, काकाना वाटाना मी खाई लेस ना. भाऊबंदच शे मी."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तेजसला रविवारी वाढलं. सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं, फुगड्या झाल्या, ढोलावर नाचून पोरं दमून आली तेव्हा पुन्हा वाढलं. मंगळवारी सकाळी तो बूट घालून निघाला तेव्हाही त्याला उंबऱ्यात थांबवून उरलासुरला रोट दुधात कुस्करून दिला. पोरगं गोड, नाही म्हणायची सवय नाही. मुकाट्यानं खात गेलं.

चाचणीला मी गेले नाही, मला बघवलं नसतं. पण दुपारी समाधान घरी आला तो चेहरा पाडून. मी कणीक तशीच टाकून दारात आले.

"नाही झालं?"

"झालं. मॅडमनी माझं नाव घेतलं."

मी उडीच मारली. हातातलं पीठ त्याच्या शर्टाला लागलं. "मग तोंड का असं?"

"मी नको म्हणून सांगितलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यानं सगळं सांगितलं. तेजस मैदानात अक्षरशः लोळत होता. समाधान त्याला सहज चुकवून तीनदा रेषेपलीकडं गेला. मॅडमनी नाव घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि या माझ्या नवऱ्यानं हात वर केला. म्हणाला, मॅडम, हे खरं नाही. त्याच्या पोटात माझ्या वाट्याचे रोट आहेत. येत्या रविवारी पुन्हा घ्या.

"आणि मॅडम?"

"आधी हसल्या. मग म्हणाल्या, माझ्याही घरी कानबाई असते, मलासुद्धा आज शिट्टी फुंकायला जड जातंय. रविवारी या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. घरात चालून आलेलं असं परत पाठवणारा माणूस मी पाहिला नव्हता. बोलून बोलून दमले, मग चुलीजवळ बसून रडले, आणि रडता रडता लक्षात आलं की बूट माळ्यावर टाकायची घाई आता मला नव्हती. मला त्याला धुळ्याच्या मैदानात बघायचं होतं. त्याच्यापेक्षा मलाच जास्त.

मग मी पदर खोचला. त्या आठवड्यात पहाटे समाधान सोनवदच्या रस्त्यानं धावायचा आणि मागं स्कूटीवर मी. तो थांबला की मी हॉर्न द्यायचे. शेतावर जाणारी माणसं विचारायची, "वहिनी, भाऊ काय चोरी करीसन पळना का?" मी म्हणायचे, "हो, आणि अजून सापडला नाही." रात्री तिळाच्या तेलानं गुडघा चोळायचे. पलीकडं तेजसही लिंबूपाण्यावर होता आणि सकाळी आमच्या पुढं दोन शेतं पळत होता. हात करून "काकू, काकाले दमाडू नका," म्हणायचा, मेला.

रविवारी मी मैदानावर गेले आणि सासूबाईंना घेऊनच गेले. त्या तयार नव्हत्या. मी म्हटलं, "तुमच्या रोटांमुळं हे सगळं पुन्हा होतंय, आता बघायला तरी चला." त्यांनी डोक्यावर पदर घेतला, हातात छत्री घेतली आणि तोंडानं कानबाईचं नाव घेत निघाल्या.

मॅडमनी साधंच ठेवलं होतं. तीनदा तेजसनं चेंडू घेऊन धावायचं आणि समाधाननं अडवायचं. मग तीनदा उलट. पहिल्या दोन वेळा तेजस असा निसटला की समाधानच्या हातात नुसता वारा आला. तिसऱ्या वेळी मात्र काकाला पुतण्याची खोड बरोबर आठवली. तेजस डावीकडं झुकला, की उजवीकडूनच जाणार. समाधान आधीच तिथं होता. दोघं धाडकन खाली आले.

मग चेंडू समाधानकडं आला. पहिल्या वेळी तेजसनं त्याला पाडलं. दुसऱ्या वेळी तो पडता पडता रेषेपलीकडं जाऊन पोचला आणि चेंडू टेकवला. आता तेजसचे दोन, समाधानचा एक. एकच धाव उरली होती.

समाधान निघाला. तेजसनं मागून कमरेला मिठी मारली आणि तसाच लोंबकळत राहिला. समाधान त्याला फरपटत एकेक पाऊल पुढं टाकत होता, तोंड लाल, गळ्याच्या शिरा ताठ. मी ओरडत होते. आणि माझ्या शेजारची जागा रिकामी होती, हे मला उशिरा कळलं.

सासूबाई मैदानात धावत होत्या. छत्री मिटलेली, हातात उगारलेली.

"सोड मना समाधानले! सोड, मेल्या! तुले मी रोट खावाडात, ते यानाकरता का?" आणि तेजसच्या पाठीवर सपासप छत्री.

तेजस हसून हसून सुटला, समाधान तोंडावर रेषेपलीकडं पडला आणि मॅडमनी शिट्टी तोंडातून काढून पोट धरलं. कडेची पोरं गवतावर लोळत होती.

हसू आवरल्यावर मॅडम म्हणाल्या, "हे धरता येणार नाही. मैदानात एक खेळाडू जास्त होता. पुन्हा."

पुन्हा! समाधानच्या छातीचा भाता चालला होता. मी सासूबाईंना कडेला आणलं आणि त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. त्यांना सांगितलं, "आई, तेजस मारत नाहीये. खेळच असा आहे. पडायचं आणि पडूनही चेंडू सोडायचा नाही." त्यांनी छत्री काखेत मारली.

समाधाननं एकदा आमच्याकडं पाहिलं आणि धावला. या वेळी तेजसनं समोरून खांदा घातला. आवाज आमच्यापर्यंत आला. समाधान एका गुडघ्यावर आला, त्याच दुखऱ्या गुडघ्यावर, आणि मला वाटलं संपलं. शेजारी सासूबाई पुटपुटत होत्या, "ऊठ रे बाप्पा. ऊठ." मग त्या पुटपुटल्या नाहीत, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "ऊठ ना रे, समाधान! आते थोडंच ऱ्हायनं!"

तो उठला. तेजस पायाला लटकलेला, तसाच दोन ढांगा गेला आणि आडवा झाला. चेंडू त्याच्या पोटाखाली, रेषेच्या पलीकडं.

"जितना का?" सासूबाईंनी मला विचारलं.

"बरोबरी केली त्यानं, आई."

मॅडम आल्या. म्हणाल्या, "पळण्यात तेजस पुढं आहे, यात वाद नाही. पण अंगावर माणूस घेऊन रेषेपर्यंत जाणारा मला एक लागतो. बारावा समाधान. जानेवारीपर्यंत गुडघा टिकला तर. नाही टिकला तर तेजस तयार राहील." हे त्यांनी दोघांच्या तोंडावर सांगितलं आणि दोघांनीही मान डोलावली. तेजसनंच काकाला हात देऊन उठवलं.

समाधान लंगडत आमच्याकडं आला. अंगभर माती, ओठ फुटलेला. असा तो दर वेळी घरी यायचा आणि आम्ही त्याला रागवायचो. सासूबाईंनी पदरानं त्याचं तोंड पुसलं. माती नुसती इकडची तिकडं झाली. मग त्या मॅडमकडं वळल्या.

"बाई, धुयाले हाऊ खेळी तं मी बी येसू. सांगी ठेवस. कडेले बठाले माले जागा राख."

"राखते, आजी. पण छत्री बाहेर ठेवायची."

सासूबाईंनी जरा विचार केला. "ते तठे देखसू," म्हणाल्या.

समाधान हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवलं नाही. मीही लपवलं नाही. जानेवारी अजून लांब होता आणि त्याला जे हवं होतं ते त्याला मिळून चुकलं होतं, पण हे त्याला सांगायला मी काही वेडी नाही. उद्या पहाटे त्याला पळायचं होतं.